आयर्लंडची खेडी गाडीने बघायची असतील तर आधी अर्धा प्लॅन खोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात ११ रात्री, तुम्ही दोघं, आई (वय ६८) आणि १० वर्षांची मुलगी, डब्लिनला उतरून गाडी भाड्याने घ्यायची आणि बेलफास्ट, जायंट्स कॉजवे, डोनेगल, गॉलवे, क्लिफ्स ऑफ मोहर, डिंगल, रिंग ऑफ केरी, कॉर्क करत अख्खं बेट फिरून परत डब्लिन, जवळपास रोज नवीन हॉटेल. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की आम्हाला घाई नकोय, खेडीपाडी बघत निवांत फिरायचंय.

मी इथे पश्चिम आयर्लंडात बरीच वर्षं राहतोय आणि गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना, मग पाहुण्यांच्या ओळखीच्यांना असे प्लॅन करून देत आलोय, पुष्कळ वेळा गाडीही मीच चालवलीय. त्यावरून सांगतो, तुम्ही लिहिलेला प्लॅन आणि तुम्ही लिहिलेली इच्छा या दोन गोष्टी एकत्र जमणार नाहीत. या प्लॅनमध्ये तुम्हाला रस्ता दिसेल, पार्किंग दिसेल, आणि खेडं फक्त काचेतून जाताना दिसेल. आई रोज सकाळी बॅग भरेल आणि रोज संध्याकाळी उघडेल. म्हणून उत्तर आयर्लंड आणि डोनेगल या खेपेला पूर्ण सोडा, रिंग ऑफ केरी सोडा, कॉर्क सोडा. वाईट वाटेल, पण सोडा. मग जे उरतं त्यात खरं आयर्लंड आहे.

नकाशावर देश छोटा दिसतो हे इथल्या सगळ्या चुकीच्या प्लॅनचं मूळ आहे. डब्लिन ते गॉलवे साधारण २१० किलोमीटर, मोटरवेने अडीच तासात होतं, ते बघून लोकांना वाटतं बाकीचंही असंच असणार. पण मोटरवे संपला की हिशोब बदलतो. इथे रस्त्यांच्या नंबरापुढे अक्षर असतं, एम म्हणजे मोटरवे, एन म्हणजे राष्ट्रीय, आर म्हणजे प्रादेशिक आणि एल म्हणजे स्थानिक, आणि तुम्हाला जी खेडी बघायची आहेत ती आर आणि एल रस्त्यांवर आहेत. एल रस्ता म्हणजे कित्येकदा एकाच गाडीची रुंदी, दोन्ही बाजूला माणसाच्या उंचीची झुडपं, त्या झुडपांच्या आत दगडी बांध लपलेला आणि मधोमध गवताची पट्टी. या गावाकडच्या स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा पूर्वी ८० होती, फेब्रुवारी २०२५ पासून ती ६० केलीय, पण प्रत्यक्षात तुम्ही ३०-४० नेच जाणार आणि तेच बरोबर आहे. गूगल मॅप जो वेळ दाखवेल त्यात मी नेहमी निम्मा वेळ आणखी धरतो, म्हणजे दोन तास दाखवले तर तीन. थांबण्याचा वेळ त्यात नाही, तो वेगळा. त्यामुळे मुक्काम बदलायचे दिवस सोडून रोजचं ड्रायव्हिंग १००-१२० किलोमीटरच्या वर जाऊ देऊ नका.

तर माझा प्लॅन असा. पहिल्या दोन रात्री डब्लिन, गाडीशिवाय. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्या आणि थेट पश्चिमेला कॉनमाराला जा, तिथे क्लिफडन किंवा राउंडस्टोन गावात तीन रात्री. मग बरेनमध्ये बॅलीव्हॉनला दोन रात्री, मग फेरीबोटीने शॅनन नदी ओलांडून डिंगलला तीन रात्री, आणि परतताना किलकेनी जिल्ह्यातल्या इनिश्टीगला एक रात्र. झाल्या ११. सगळा प्रवास पश्चिम किनारा आणि एक नदीकाठचं खेडं एवढाच आहे पण प्रत्येक ठिकाणी तुम्हाला एक अख्खी सकाळ अशी मिळेल जिच्यात कुठेही पोचायचं नाहीये.

डब्लिनला दोन दिवस गाडी का नको ते सांगतो. भारतातून थेट विमान नाही, आखातातून किंवा युरोपातून बदलून येता, झोप झालेली नसते, आणि एअरपोर्टच्या बाहेर पडताच एम ५० हा डब्लिनभोवतीचा रिंगरोड लागतो. त्यावर टोलनाका दिसतच नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री ८ च्या आत ऑनलाइन भरावा लागतो, नाहीतर दंड. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांचा हा टोल कंपनी परस्पर भरून बिलात लावते, गाडी घेताना हे विचारूनच घ्या. पुढचे एम ४ आणि एम ६ वरचे टोल मात्र नेहमीसारखे नाक्यावर द्यायचे. शहरात पार्किंग महाग आणि गाडीचा उपयोग शून्य. झोप काढा, ताजेतवाने व्हा, मग स्टीअरिंग हातात घ्या.

आता गाडी. आपल्याला इथे एक मोठा फायदा आहे, डावीकडून चालवायचं आणि स्टीअरिंग उजवीकडे, सगळं घरच्यासारखं. अमेरिकन लोक पहिले दोन दिवस घाबरलेले असतात, तुम्हाला ते नाही. पण काही सवयी बदलाव्या लागतात. समोरच्याने हेडलाइट मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ "मी येतोय, बाजूला हो" असा असतो, इथे नेमका उलटा, "तू जा, मी थांबलोय". हे नीट डोक्यात बसवा, अरुंद रस्त्यावर यावरूनच सगळं चालतं. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, ही शिस्त कडक पाळतात. हॉर्न विसरून जा. आणि अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की ज्याच्या जवळ रुंद जागा आहे तो थांबतो किंवा मागे घेतो, तिथे मानापमान काही नाही, जाणारा माणूस स्टीअरिंगवरून एक बोट उचलतो, तुम्हीही उचला. केरीत आणि कॉनमारात अनोळखी माणूससुद्धा हे बोट उचलतो, मुलीला मोजायला सांगा, तिचा दिवस मजेत जाईल. मागे स्थानिक माणसाची गाडी लागली तर दडपण घेऊन वेग वाढवू नका, जागा बघून डावीकडे घ्या आणि त्याला जाऊ द्या, त्याला कामावर जायचंय आणि तुम्हाला डोंगर बघायचाय. अंत्ययात्रेच्या गाड्या समोरून आल्या तर गावातले लोक गाडी बाजूला घेऊन थांबतात, तुम्हीही थांबा.

लायसन्स भारताचं चालतं, पण आरटीओमधून इंटरनॅशनल परमिट काढून आणाच, काउंटरवरचा माणूस मागतो. क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्या नावाचंच लागतं आणि त्याची लिमिट मोठी हवी कारण डिपॉझिट म्हणून बरीच रक्कम अडकवून ठेवतात, डेबिट कार्डावर पुष्कळ ठिकाणी गाडी देत नाहीत. बुकिंगमध्ये जो इन्शुरन्स येतो त्यात नुकसान झालं तर पहिले काही हजार युरो तुमचेच जाऊ शकतात, त्याला एक्सेस म्हणतात. खेड्यांच्या रस्त्यावर आरसा घासणं, टायर फुटणं, काटेरी झुडपांचे ओरखडे हे होऊ शकतं, म्हणून एक्सेस शून्य करणारं कव्हर घ्या असंच मी सांगतो आणि त्यात टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग येतो का ते वाचून घ्या. क्रेडिट कार्डासोबत फुकट मिळणाऱ्या कव्हरमधून बऱ्याचदा आयर्लंड वगळलेलं असतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

ऑटोमॅटिक घेऊ का असं विचारलंय तर घ्या, पण आत्ताच बुक करा, त्या गाड्या कमी असतात आणि महाग असतात. चार माणसांना मोठी सात सीटर घेण्याचा मोह होईल, तो आवरा. बॅगा कमी करा आणि मधल्या साइझची, मोठ्या डिकीची गाडी घ्या, रुंदीत वाचलेला प्रत्येक इंच डिंगलला कामी येतो. मुलीची उंची १५० सेंटीमीटर आणि वजन ३६ किलो यांच्या खाली असेल तर बूस्टर सीट कायद्याने लागते, बुकिंग करतानाच मागा. पेट्रोल भरताना हिरवा पाइप पेट्रोलचा आणि काळा डिझेलचा, आधी झाकणावर काय लिहिलंय ते बघा. आणि अटलांटिकच्या कड्यांवर दार उघडताना हाताने धरून उघडा, वारा दार उलटं फिरवून बिजागरी तोडू शकतो, हा खर्च कव्हरमध्ये येईलच असं नाही.

आता मुक्कामांकडे वळतो, कारण खरी मजा तिथे आहे.

कॉनमाराला जाताना वाटेत ॲथलोनजवळ मोटरवे सोडून क्लोनमॅक्नॉइजला थांबा. शॅनन नदीच्या काठावर सहाव्या शतकात सुरू झालेला मठ, मोडकी चर्च, गोल मनोरे, कोरीव दगडी क्रॉस आणि भोवती सपाट ओलं गवत. आईंना तिथे चालायला सोपं आहे आणि जेवायच्या वेळी प्रवासाचे बरोबर दोन भाग होतात. गॉलवे शहर मात्र बाहेरून काढा, संध्याकाळी तिथे ट्रॅफिक फार असतो. त्यापुढे एन ५९ लागला की तळी सुरू होतात आणि ट्वेल्व्ह बेन्सचे डोंगर दिसायला लागतात, तिथून पुढे गप्पा आपोआप थांबतात.

कॉनमाराच्या तीन रात्रींमध्ये एक दिवस क्लिफडनच्या आसपासच काढा. स्काय रोड हा १६ किलोमीटरचा फेरा आहे, सकाळी लवकर करा. मग गावाच्या दक्षिणेला डेरिगिमला नावाची पीटची दलदल आहे, जिथे १५ जून १९१९ ला अल्कॉक आणि ब्राउन यांचं विमान अटलांटिक न थांबता ओलांडून उतरलं, म्हणजे उतरलं ते चिखलात नाकावर. तिथेच मार्कोनीचं वायरलेस स्टेशन होतं, १९०७ पासून, त्याचे अवशेष बघत पाच किलोमीटरचा सपाट रस्ता आहे. मेमध्ये तुम्हाला तिथे कापलेल्या पीटच्या विटा वाळत घातलेल्या दिसतील. हे पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात दबलेलं गवत आणि शेवाळ, इथल्या घरांचं पिढ्यानपिढ्या जळण तेच, आता पर्यावरणामुळे त्याच्या विक्रीवर निर्बंध आलेत, पण स्वतःच्या पट्ट्यातून स्वतःपुरतं कापणारी कुटुंबं अजून आहेत. संध्याकाळी एखाद्या घराच्या धुराड्यातून तो वास आला की ओळखा. या दलदलीवरून जाणारे रस्ते लाटांसारखे खालीवर होतात कारण खालची जमीनच मऊ आहे, वेग कमी ठेवा नाहीतर मागच्या सीटवर आईंच्या पाठीला त्रास होईल.

राउंडस्टोनजवळचे डॉग्ज बे आणि गर्टीन हे दोन किनारे पाठीला पाठ लावून आहेत, वाळू पांढरीशुभ्र, ती बारीक समुद्री जीवांच्या कवचांची बनलेली आहे. त्याच बाजूला बॅलिनाहिंच कॅसल आहे आणि हे मी मराठी माणसांना मुद्दाम दाखवतो, कारण १९२४ मध्ये हे विकत घेतलं होतं आपल्या रणजीने, ज्यांच्या नावाने रणजी ट्रॉफी आहे ते नवानगरचे जामसाहेब. ते उन्हाळ्यात येऊन इथे राहायचे, सामन मासे पकडायचे. आता तिथे हॉटेल आहे, राहणं परवडो न परवडो, चहा घेऊन नदीकाठाने चालून येता येतं.

दुसऱ्या दिवशी कायलमोर ॲबी हा मठ बघून लीनानला जा, किलरीची खाडी बघा, आणि मग आर ३३५ ने डूलॉच्या खोऱ्यातून लुइसबर्गकडे. हा रस्ता माझ्या मते या देशातला सगळ्यात सुंदर आहे आणि सगळ्यात दुःखाचाही. १८४५ पासून बटाट्याच्या पिकाला रोग लागला, त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. १८४९ च्या मार्चमध्ये लुइसबर्गहून शेकडो उपाशी माणसं मदत मिळते का बघायला या खोऱ्यातून चालत गेली, रिकाम्या हाताने परत फिरली, आणि त्यातली बरीच वाटेतच थंडीत मेली. रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रॉस आहे आणि त्यावर महात्मा गांधींचं वाक्य कोरलेलं आहे. तिथे थांबा आणि मुलीला सांगा. मग समोरच्या उतारांकडे बघा, गवताखाली समांतर वरंबे दिसतात, ते त्या काळच्या बटाट्याच्या वाफ्यांचे आहेत, तेव्हापासून तिथे कुणी नांगर घातलेला नाही. हे कळल्यावर पुढची सगळी रिकामी दरी आणि सगळी छप्पर नसलेली घरं वेगळी दिसायला लागतात, आणि या देशात रस्त्याकडेला अशी घरं फार आहेत.

बरेनबद्दल लोक विचारतात की तिथे आहे काय, नुसता दगड. हो, करड्या चुनखडीचे मैल न मैल कातळ, पण मेमध्ये त्या फटींमधून निळी जेन्शनची फुलं येतात, जी एरवी आल्प्सच्या डोंगरात दिसतात. आणि याचं कारण गाई आहेत. इथले शेतकरी गुरं हिवाळ्यात डोंगरावर नेतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात, बाकी जगाच्या बरोबर उलट, कारण चुनखडी उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवते आणि पाणी साचू देत नाही, त्यामुळे गुरांना हिवाळ्यात वर कोरडी जागा मिळते. गुरं हिवाळाभर वाढलेलं गवत खाऊन टाकतात म्हणून वसंतात फुलांना ऊन मिळतं. इथल्या एखाद्या शेतकऱ्याशी बोलायची संधी मिळाली तर हा विषय काढा, तो तासभर बोलेल. पोलनब्रोनची दगडी समाधी साडेपाच हजार वर्षांहून जुनी आहे, रस्त्यापासून पाच मिनिटं चालत, आईंना जमेल, फक्त कातळावर फटी आहेत तेव्हा काठी बरोबर घ्या.

क्लिफ्स ऑफ मोहर इथून जवळ. २१४ मीटर उंच कडे आहेत, बघण्यासारखे आहेतच, पण सकाळी ११ ते दुपारी ४ मध्ये डब्लिनच्या बसेस येतात. मेमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तुम्ही जवळ राहताय याचा फायदा घ्या आणि संध्याकाळी जेवून जा, आधी बंद व्हायची वेळ तेवढी बघून ठेवा.

बरेनहून डिंगलला जाताना लिमरिकला वळसा घालू नका. किलिमरहून टार्बर्टला गाडीसकट फेरी जाते, साधारण दर तासाला, २० मिनिटांत शॅनन ओलांडते आणि १३७ किलोमीटर वाचतात. मुलीला डॉल्फिन दिसायची शक्यता आहे, शॅननच्या मुखाशी त्यांची वस्ती आहे.

डिंगलला स्ली हेड ड्राइव्ह, म्हणजे आर ५५९ चा फेरा, घड्याळाच्या दिशेने करा, बसेसही तशाच फिरतात, म्हणजे अरुंद वळणावर बस तोंडावर येत नाही. पन्नासेक किलोमीटरसुद्धा नाही, पण याला अख्खा दिवस द्या. मधमाशांच्या पोळ्यासारख्या दगडी झोपड्या, डनक्विनचा वळणावळणाचा धक्का, समोर ब्लास्केट बेटं जिथली शेवटची माणसं नोव्हेंबर १९५३ मध्ये सरकारने कायमची मुख्य भूमीवर आणली, आणि गॅलरसचं प्रार्थनाघर, चुना-माती न लावता नुसते दगड एकावर एक रचलेलं आणि शेकडो वर्षं पाऊस झेलून आतून कोरडं. हा भाग गेल्टाक्ट आहे, म्हणजे लोकांची रोजची भाषा आयरिश, पाट्याही बहुतेक आयरिशमध्ये, डिंगलचंही आयरिश नाव पाटीवर दिसेल, घाबरू नका. कॉनर पास या घाटाने जायचं असेल तर ढग खाली नसलेला दिवस निवडा आणि सकाळी लवकर जा, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्ये एकच गाडी मावेल एवढा रस्ता आहे. घाटात आईंना भीती वाटत असेल तर वरच्या पार्किंगपर्यंत जाऊन डिंगलच्या बाजूलाच परत उतरा, सगळ्यात चांगला देखावा तिथूनच दिसतो. इंचच्या किनाऱ्यावर लोक गाडी वाळूत घालतात, तुम्ही घालू नका, भरती आली की गाडी अडकते आणि तिथे कुठलाही इन्शुरन्स मदतीला येत नाही.

संध्याकाळी एखाद्या पबमध्ये ट्रॅड सेशन, म्हणजे पारंपरिक संगीताची बैठक, ऐका. दारू घेत नसाल तरी जा, चहासुद्धा मिळतो. मुलं मोठ्यांबरोबर पबमध्ये चालतात, रात्री ९ पर्यंत, मे ते सप्टेंबर १० पर्यंत. कोकणातल्या देवळात भजनाला माणसं येतील तशी बसतात आणि कुणी पेटी ओढतं, कुणी टाळ घेतं, तसं इथे कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी, कॉन्सर्टिना घेऊन माणसं जमतात, स्टेज नाही, तिकीट नाही. त्यांच्या कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसू नका, चालू असताना मोठ्याने बोलू नका, फर्माईश करू नका. कुणी एकटं गायला लागलं तर सगळा पब शांत होतो, तुम्हीही व्हा. आणि ज्याने गाडी चालवायची त्याने एक ग्लासही घेऊ नये, मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे आणि सकाळीसुद्धा तपासणी होते.

डिंगल ते इनिश्टीग हा सगळ्यात लांबचा दिवस, किलार्नी, मॅलो, मिचेल्सटाउनवरून, मध्ये केअर गावात नदीतल्या खडकावरचा किल्ला बघून. संध्याकाळपर्यंत नोर नदीवरच्या दहा कमानींच्या जुन्या दगडी पुलाशी पोचाल, हिरवळ, दोन-चार पब, एक चौक, बस. पश्चिमेच्या खडकाळ गावांनंतर हे झाडाझुडपातलं सुखवस्तू खेडं बघितलं की एकाच देशात दोन किती वेगळी जगं आहेत ते कळतं. तिथून एअरपोर्ट सव्वादोन तास धरा.

राहायचं कुठे? दोन रात्रींच्या ठिकाणी बी अँड बी आणि तीन रात्रींच्या ठिकाणी स्वयंपाकघर असलेलं कॉटेज. बी अँड बी म्हणजे कुणाचं तरी घर, यजमानीण स्वतः नाश्ता देते आणि कुठे जा, कुठे जाऊ नका हे गूगलपेक्षा बरं सांगते. शाकाहारी असाल तर आदल्या रात्रीच सांगा, सकाळी अंडी, मशरूम, सोडा ब्रेड, पॉरिज असं नीट मिळतं. आमच्या घरचे वडील मालवणकडचे आहेत असं कुणी सांगितलं तर इथे लोकांना आता वराडकरांमुळे संदर्भ लागतो, दोनदा पंतप्रधान झालेल्या लिओ वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. गप्पा सुरू व्हायला एवढं पुरतं. खेड्यात घरांना नंबर नसतात, पण प्रत्येक पत्त्याला अक्षरं आणि आकडे मिळून सात चिन्हांचा एअरकोड असतो, बुकिंग करताना तो मागून घ्या आणि मॅपमध्ये तोच टाका. शिवाय मॅप दोन मिनिटं वाचवायला एल रस्त्यात घालतो, तेव्हा आधी नकाशा मोठा करून बघा आणि शक्य तिथे एन आणि आर रस्ता धरा. ऑफलाइन नकाशे आधीच उतरवून ठेवा, दऱ्यांमध्ये रेंज जाते.

दुपारचं जेवण म्हणजे सूप आणि ब्राउन ब्रेड, सगळीकडे मिळतं, पण व्हेजिटेबल सूपमध्ये चिकनचा स्टॉक असतो का ते विचारा आणि टोस्टेड स्पेशल या भाजलेल्या सँडविचमध्ये हॅम असतं हे लक्षात ठेवा. रात्री ८ नंतर खेड्यातली किचन बंद व्हायला लागतात, आपल्या वेळेला जेवायला गेलात तर चिप्सवर भागवावं लागेल. म्हणून कॉटेज. तांदूळ, डाळ सुपरमार्केटमध्ये मिळते, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट घरून आणा, पण तूप, पेढे, खव्याची मिठाई आणू नका, युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना परवानगी नाही. आणि फोडणी देताना खिडकी उघडा, स्मोक अलार्म फार हळवे असतात.

शेतातून चालायचं असेल तर खुणा केलेल्या वाटेनेच जा, इथे कुणाच्याही जमिनीत शिरायचा हक्क नाही, फाटक जसं होतं तसंच ठेवून पुढे जायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. पार्किंगमध्ये गाडी सोडताना बॅग काचेतून दिसेल अशी ठेवू नका. पाऊस येणारच, छत्री वाऱ्यात टिकत नाही, चांगलं रेनकोट जॅकेट घ्या. अंगावर थर घालण्यासारखे कपडे आणि आईंसाठी न घसरणारे बूट यावर पैसे खर्च करा. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा आला तर त्या दिवशी किनाऱ्याचा रस्ता रद्द, घरात बसून पत्ते खेळा.

व्हिसाचं एकच सांगतो. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो. आणि उत्तर आयर्लंड हे युके आहे, सीमेवर चौकी नाही म्हणून लोक नकळत ओलांडतात, पण व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटन आणि आयर्लंडची एकत्र व्हिसा योजना) असं छापलेलं नसेल आणि वेगळा युके व्हिसाही नसेल तर ते बेकायदा आहे. मी दिलेल्या प्लॅनमध्ये तो प्रश्नच येत नाही.

बुकिंगचा क्रम असा ठेवा, आधी डिंगल आणि कॉनमाराची कॉटेजेस, मग ऑटोमॅटिक गाडी, मग बाकीचं. जूनचा पहिला सोमवार बँक हॉलिडे असतो, त्याच्या आधीचा शनिवार-रविवार तुमच्या तारखांमध्ये येत असेल तर त्या रात्री सगळ्यात आधी पक्क्या करा, कारण तेव्हा डब्लिनची सगळी माणसं पश्चिमेला येतात. गाडी ताब्यात घेताना सगळ्या बाजूंनी, चाकांसकट, व्हिडिओ काढा, परत देताना पुन्हा काढा, आणि शेवटच्या पेट्रोलची पावती पुढचा महिनाभर जपून ठेवा.